विमानातला पाट

माझी बायको कुसुम लहानपणी एकदा विमानात बसली होती. ही गोष्ट ती दर चैत्रात सांगायची आणि ऐकणाऱ्या बायका दर चैत्रात हसायच्या.

आमच्या घरी चैत्रगौर असते. पितळेची छोटी गौर झोपाळ्यात बसवायची, महिनाभर पूजा करायची आणि मधल्या एका दिवशी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. त्या दिवशी गौरीपुढे पायऱ्या करून आरास मांडतात. इकडे माळव्यात, धारमध्ये, मराठी घरं आता थोडी राहिली आहेत, पण जी आहेत त्यांच्यात कुणाची आरास बरी यावरून अजून कुरबुर चालते. कुसुम दर वर्षी एक नवी वस्तू करायची. एकदा तिनं साबण कोरून धारचा किल्ला केला होता. मुंग्या लागल्या तरी तो दोन वर्षं मांडला.

तिची गोष्ट अशी. तिचे वडील शेतकी खात्यात होते, देवासकडच्या लोहारदा गावी. कापसावर कीड पडली की औषधाची भुकटी मारायला एक विमान यायचं. पंखावर पंख, दोन मजल्यांसारखे. त्याच्या पायलटनं तिला पुढे बसवलं आणि गावावरून एक फेरी मारून आणली. इथवर बायका ऐकून घ्यायच्या. मग कुसुम म्हणायची, "आणि बसले कशावर, माहीत आहे? पाटावर! आईच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर." असं म्हटलं की सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

शेवटच्या चैत्रात ती म्हणाली, "पुढच्या वर्षी गौर झोपाळ्यात नाही बसवायची. माझ्या विमानात बसवायची. तुम्ही करून द्याल ना?"

मी फोटो फ्रेम करणारा माणूस. पट्टी कापणं, कोन जुळवणं एवढं येतं. मी म्हणालो, देईन.

माघात ती गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली, ती उठली नाही. तिच्या फोटोला मीच फ्रेम केली. त्या चैत्रात घरात गौर बसली नाही, कारण वर्ष व्हायचं होतं. आता या चैत्रात बसणार होती आणि मला ती कुसुमच्या विमानात बसवायची होती. ते सोडून मला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

दुकान आता माझा मुलगा बघतो, तरुण नाव त्याचं. दिवाळी झाल्यावर त्याला मी म्हटलं, विमान शोध. त्यानं विचारलं, "पापा, नाम क्या है प्लेन का?" नाव कुणालाच माहीत नव्हतं. तो फोनवर चित्रं दाखवत गेला, मी नाही नाही म्हणत गेलो. शेवटी एक चित्र आलं, दोन मजली पंख, मध्ये दांड्या आणि तारा, पायलटचं डोकं उघडं. टायगर मॉथ. कुसुम हवेत बोटानं काढून दाखवायची ते हेच.

किट मागवलं. प्लास्टिकचे तुकडे एका चौकटीला चिकटलेले, ते तोडून जोडायचे. मी आनंदानं गौरीचा डबा काढला. गौर वितीहून थोडी कमी आहे. डब्यात तिच्याखाली एक छोटा पाटही निघाला. तो मीच केलेला. तीनेक वर्षांपूर्वी कुसुमनं दोऱ्यावर माप देऊन सागवानी पट्टीतून करून घेतला होता. "इतकाच हं, मोठा नको, लहान नको." झोपाळ्यात तो बसेना. मी म्हटलं, आण, घासून देतो. तर म्हणाली, राहू द्या तसाच. तो मी बाजूला ठेवला.

विमान जोडून झालं. एकामागे एक अशा दोन सीटा होत्या. गौर पुढच्या सीटवर ठेवून पाहिली. सायकलच्या कॅरिअरवर म्हैस बसवावी तशी दिसली.

किट विकणाऱ्याला फोन केला. मोठं किट आहे का, आणि भुकटी मारायचं विमान आहे का, विचारलं. त्याला काही सांगता येईना, पण त्यानं पुण्याच्या एकाचा नंबर दिला. शार्दूल नाव. जुन्या विमानांचे प्लॅन जमवतो आणि हातानं विमानं बनवतो. माणूस वयानं लहान असावा, पण बोलण्यात घाई नव्हती.

"काका, टायगर मॉथची किटं पुष्कळ मिळतात," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणता ते वेगळं. ही मुळात शिकवणीची विमानं. जुनी झाली की काहींमध्ये बदल करून ती शेतीच्या कामाला घ्यायचे. तशी थोडीच होती. त्याचं किट कुणी काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही."

"मग काय करायचं?"

"साधं घ्यायचं आणि कापून बदलायचं. माझ्याकडे एक प्लॅन आहे, तो पाठवतो. पण काका, एक विचारू? तुम्ही म्हणालात, काकू पुढे बसल्या होत्या."

"हो."

"या विमानात पुढे सीट नाही. ती काढून तिथं भुकटीचा डबा बसवलेला असतो. पायलट मागे. दुसऱ्या माणसाला जागाच नाही."

मी शेजारच्या प्लास्टिकच्या विमानाची पुढची सीट बोटानं चाचपली. तोच म्हणाला, "तुम्ही साधं दोन सीटांचं करा ना. गौरीला बसायला जागाही होईल. कोण तपासतंय?"

तपासणारं कुणी नव्हतं हे खरंच. पण दोन सीटांचं विमान केलं तर ते कुठल्याही फ्लाइंग क्लबचं विमान झालं असतं. आणि लोहारद्याचं केलं तर त्यात कुसुमला जागा नव्हती. मग गौरीला तरी कुठून असणार?

चूक केली ती अशी, की हे मी देवासला अंबरीशदादांना फोनवर सांगितलं. ते कुसुमचे थोरले भाऊ, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. मला जावईबापू म्हणतात, तेही चिडवायला.

"सीटच नाही?" ते म्हणाले. "बघा, मी काय म्हणत होतो! मी तेव्हा धारला आत्याकडे शिकायला. दिवाळीत घरी गेलो, तर ही म्हणते मी विमानात बसले. आई नुसती हसतेय आणि बाबा ताटावरून उठून गेले. तेव्हाच मी ओळखलं, थाप आहे. बाबांना खोटं खपायचं नाही."

"दादा, ती आता नाही."

"म्हणून का मी खोटं बोलू?" मग ते म्हणाले, "तुम्ही करा हो विमान. मी कुठं नाही म्हणतोय."

प्लॅनचा कागद तरुणनं छापून आणला होता. तो मी स्वयंपाकघरात टेबलावर पसरून बसलो. सून गुड्डी मटार सोलत होती. ती बदनावरची, माळवी घरातली. आमची मराठी तिला कळते, बोलताना मात्र मध्येच हिंदी येतं. कुसुम तिला म्हणायची, तू तुझ्या भाषेत भांड, मी माझ्या भाषेत भांडते.

"बाबूजी, यो कंई हे?" तिनं विचारलं.

मी दाखवलं. इथं पायलट, इथं डबा, इथून खाली भुकटी पडते. आणि सांगितलं की पुढे सीटच नाही, म्हणून मामाजी म्हणतात कुसुमची गोष्ट खोटी.

गुड्डीनं कागदाकडे पाहिलं. एक शेंग सोलून झाली. मग म्हणाली, "तो इसमें झूठ क्या है? कुर्सी होती तो मम्मीजी पाट पे क्यूँ बैठतीं?"

चाळीसहून जास्त वर्षं मी ती गोष्ट ऐकली होती. पाट हा त्यातला हसण्याचा भाग आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. विमानात खुर्ची असणार हे आम्हाला ठाऊक होतं ना.

"पण डबा होता ना गं तिथं."

"निकाला होगा. धोने को, सुधारने को. कोई तो होगा वहाँ, जिसने देखा हो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा देवासला फोन लावला. लोहारद्याचं त्या वेळचं कुणी आहे का? दादा म्हणाले, "झेंडेवाला कृष्णराव आहे. पीपलरावांला मुलाकडे राहतो. शेताच्या टोकाला पांढरा झेंडा घेऊन उभा राहायचा, पायलटला ओळ दाखवायला. या, मीच घेऊन जातो. तोही हेच सांगेल."

छोटा पाट मी खिशात टाकला. का, ते सांगता येणार नाही. कुसुमनं दिलेल्या मापाचा होता, एवढंच. इंदूरवरून देवासला गेलो, तिथून दादांना घेऊन सोनकच्छची बस, पुढे ऑटो. पीपलरावांला गहू निघत होता, अंगणात पोती होती. कृष्णराव खाटेवर बसून ऊन खात होते.

"कोण? शेतकीच्या साहेबांचा अंबू?" ते म्हणाले. "अरे, तू तर म्हातारा झाला रे."

"आणि तुम्ही काय जवान आहात?"

"मी तेव्हापासून असाच आहे. उन्हात उभं राहून राहून वाळलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे कोण?"

"कुसुमचे यजमान."

"कुसुम! कशी आहे ती?"

"गेली," मी म्हणालो. "गेल्या वर्षी माघात."

त्यांनी खाटेवर सरकून मला जागा केली. मग म्हणाले, "लहान होती रे."

त्यांची सून चहा घेऊन आली. दादांनी कप खाली ठेवला आणि कोर्टात विचारावं तसं विचारलं, "कृष्णराव, खरं सांगा. ती विमानात बसली होती का?"

"बसली म्हणजे? मीच बसवली की."

"कुठे बसवली? पुढे तर डबा होता."

"डबा कुठला? डबा फुटला होता. खालून गळायचा, मी झेंडा घेऊन उभा आणि भुकटी माझ्या डोक्यावर. शेवटी काढला आणि फुटलेली जागा झाळून आणायला तुमच्या देवासला पाठवला. बैलगाडीवर घातला लोहारद्याहून, पुढे मोटार. दोन दिवस पायलटला काम नाही. खायचं आणि पंखाच्या सावलीत झोपायचं. माई त्याला जेवायला बोलवायची." माई म्हणजे दादांची आणि कुसुमची आई. "पोरगी रोज विमानापाशी उभी. तो म्हणाला, माई, हिला एक चक्कर फिरवून आणू? माई म्हणाली, आण, पण त्या विषाच्या जागी माझी पोर टेकणार नाही. मग मला घरी पिटाळलं, पाट आण म्हणून. त्या भोकात मी पाट दोरीनं बांधला आणि पोरीला पाटाला बांधली. पाच मिनिटं फिरली असेल. उतरली तेव्हा केस असे उभे!"

"आणि बाबा?" दादांनी विचारलं.

"साहेब बागलीला गेले होते. रात्री त्यांना कळलं. पोर पडली असती म्हणजे, असं म्हणून मला असा फाडला की विचारू नको. आठ दिवस कामावर घेतलं नाही. माईशीही बोलत नव्हते म्हणे. त्या गोष्टीचं नाव काढलं की उठून जायचे."

दादांनी चहा उचलला. तो गार झाला होता, तरी प्यायले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. देवास जवळ आल्यावर म्हणाले, "तिनं मला एकदा तरी नीट सांगायचं."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं," ते म्हणाले.

त्यांच्या घरी पोचल्याबरोबर ते चपला न काढता आत गेले. स्वयंपाकघरातून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि वहिनींचा ओरडा, "अहो, पीठ सांडेल!" ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पाट होता. जुना, जाड, मधे पितळी फूल ठोकलेला.

"आईचा," ते म्हणाले. "हाच असणार, दुसरा नव्हता. पिठाच्या डब्याखाली असतो." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "जावईबापू, एका भाऊबीजेला ती आली होती तेव्हा मला तो डबा उचलायला लावला होता. म्हणाली, पाट बघायचाय. बोटात दोरा घेऊन काहीतरी मापत होती. मी म्हटलं, हिचं काय आपलं. विचारलंसुद्धा नाही."

मी खिशातून छोटा पाट काढला आणि मोठ्या पाटावर ठेवला. फ्रेमवाल्याचा टेप माझ्याजवळ नेहमी असतो. मोठा पाट अठरा इंच, छोटा तीन. रुंदी बाराची आणि दोनची. सहास एक.

मी इतके दिवस विमान किती मोठं करायचं यात अडकलो होतो. गौरीवरून माप घेत होतो, किटवरून घेत होतो. तिनं ते तीन वर्षांपूर्वीच ठरवून माझ्याच हातून करून घेतलं होतं.

दादांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. "पंख जवळजवळ पाच फुटांचे येतील हो! घरात ठेवणार कुठे?"

"बघू," मी म्हणालो.

शार्दूलला सगळं सांगितलं. तो खूश झाला आणि त्यानं प्लॅन मोठा करून पाठवला. एवढा कागद छापणारं आमच्याकडे कुणी नाही, म्हणून तो फ्लेक्सवाल्याकडे छापला. त्यानं विचारलं, "भिया, बर्थडे किसका है? फोटो तो दो." दुकानाच्या मागच्या खोलीत मी तो फ्लेक्स जमिनीवर अंथरला आणि त्यावरच पट्ट्या ठेवून कापल्या. हलकं बाल्साचं लाकूड मागवलं होतं, त्यातलं निम्मं मोडलं, मग फ्रेमच्या पातळ पट्ट्या घेतल्या. पहिलं प्लास्टिकचं विमान शेजारी ठेवलं होतं. कुठली दांडी कुठं जाते ते त्यात बघायचो. पंखांवर कापड ताणून बसेना. शार्दूल म्हणाला, त्याला खास रोगण लागतं. गुड्डी म्हणाली, "साड़ी को पेज देते हैं ना, वैसे ही दो." भाताची पेज देऊन मांजरपाटाचं कापड वाळवलं, तर ढोलकीसारखं वाजायला लागलं.

डब्याची जागा मी मोकळी ठेवली आणि तिथं दोरीनं पाट बांधला. कृष्णरावांनी बांधला असेल तसा, चारी बाजूंनी. पाट नेमका बसला.

गौर बसवायच्या आदल्या दिवशी प्रश्न आला तो दादांचाच. पायऱ्या मांडून पाहिल्या, त्यांवर विमान मावेना. पंख भिंतींना लागायचे. तरुण म्हणाला, पंख थोडे काट दें? मी करवत उचलून त्याच्यापासून लांब ठेवली. मग गुड्डीनंच गौरीचा झोपाळा काढून ठेवला आणि बैठकीच्या छताला तो टांगायची कडी आहे तिच्याकडे बोट दाखवलं. आम्ही विमान तिथं टांगलं. गौरीला पाटावर बसवून एक दोरा बांधला. हळदीकुंकवाच्या दिवशी खालच्या पायरीवर गुड्डीनं खेळण्यातली बैलगाडी ठेवली आणि तिच्यात तुपाच्या छोट्या डब्याला भोक पाडून तो ठेवला. देवासला निघालेला डबा.

हळदीकुंकू बायकांचं. घरातली बाई गेल्यावर तिच्या नवऱ्यानं तिथं मधे मधे करणं बरं दिसत नाही. मी स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले विसळत बसलो. आंब्याची डाळ गुड्डीनं सकाळीच केली होती. तिखट झाली होती.

बायका आल्या. छताकडे बघून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "अगं, हे कुसुमवहिनींचं विमान का?" दुसरी म्हणाली, "इतकं मोठं! मला वाटलं, हातात मावेल एवढं असेल."

मग गुड्डीनं गोष्ट सांगायला घेतली. मराठीत. अडखळत होती, पण हिंदीवर गेली नाही. लोहारदा, कापूस, फुटलेला डबा, माई. "आणि मम्मीजी बसल्या कशावर, माहीत आहे? पाटावर. स्वयंपाकघरातल्या पाटावर."

बायका हसल्या. कुसुम सांगायची तेव्हा हसायच्या तशाच.

गुड्डीनं हसू संपू दिलं आणि म्हणाली, "तिथे खुर्ची नव्हती ना."

पेला हातात धरून मी ऐकत होतो. झोपाळ्यातल्या गौरीला प्रत्येकीनं एक झोका द्यायचा असतो. आता झोपाळा नव्हता. कुणीतरी पुढे झालं असावं, कारण वर छताची कडी करकरली. मग दुसरीनं झोका दिला, मग तिसरीनं, आणि प्रत्येक वेळी ती करकरत राहिली.

चैत्र आला की कुसुम स्टुलावर चढून त्या कडीला तेल घालायची. मी विसरलो होतो. बायका गेल्या की घालू म्हणून तेलाची बाटली काढून ठेवली आणि पुढचा पेला विसळायला घेतला.